रतनबाईची गोफण

मरायच्या आधी चार-पाच महिने रतनबाईनं गावातल्या समस्त कावळ्यांशी उभा दावा मांडला. तिच्या नातीला, जयमालाला, त्या प्रकाराची इतकी चीड यायची की म्हातारीच्या हातातली गोफण हिसकावून चुलीत घालावी असं तिला रोज वाटायचं.

गाव प्रवरेच्या काठाला, नेवाशापासून सायकलवर जाता येईल इतकं जवळ. रतनबाईचा अख्खा जन्म ज्वारीची पाखरं राखण्यात गेला होता. शेतातल्या माळ्यावर उभी राहून तिनं गोफण फिरवली की खडा सुटताना असा फट्‌कन आवाज व्हायचा, की दोन शेतं पलीकडची पाखरंसुद्धा उठायची. पुढं पाटाचं पाणी आलं, ज्वारी गेली, जिकडे तिकडे ऊस झाला. उसाला पाखरं कोण राखतो? गोफण खुंटीला लागली ती लागलीच. पण शहाण्णव सालच्या आषाढात म्हातारीनं ती खाली काढली, जुन्या तांबड्या लुगड्याची चिंधी वळून तिला लांबलचक शेपूट लावलं आणि रोज सकाळी ती घेऊन नदीच्या घाटावर जाऊन बसू लागली. ज्या घाटावर गावातल्या मेलेल्यांचे दहावे होतात, त्याच घाटावर.

भाकरीचा तुकडा दगडावर ठेवायचा, शेजारी गोफण पसरायची आणि कावळे खाली उतरले की गोफण उचलून खडा भिरकवायचा. खडा कधी लागू द्यायची नाही, पण असा कानाजवळून काढायची की कावळ्याचं काळीज फाटावं. वर शिव्यांची लाखोली. कुणाचा दहावा असला म्हणजे मात्र ती निमूट गोफण गुंडाळून लुगड्याखाली घ्यायची आणि लांब जाऊन बसायची. गाव हसायचं. म्हातारीला चळ लागला म्हणायचं. कानानं ती तशीही कमी ऐकायची, त्यामुळं लोक तिच्या पुढ्यातच म्हणायचे.

जयमालाला लोकांचं काही वाटत नव्हतं. तिला राग याचा, की घरात आग लागली होती आणि ही बाई कावळे हाकत बसली होती.

त्याच आषाढात जयमालाचा नगरला नर्सिंगला नंबर लागला होता. जानेवारीत हजर व्हायचं होतं. सफेद साडीतली आपली छबी तिनं डोळ्यांपुढं इतक्यांदा आणली होती की ती साडी आता जुनी व्हायची बाकी होती. तिचे वडील भिमाजी, त्यांना ती नाना म्हणायची, ओसरीवर पाय पसरून बसले आणि म्हणाले, "कायबी गरज न्हाई. परक्या गड्यांची घान काढायला आमची पोर न्हाई जायची. गावात तोंड दाखवायचंय मला."

आई पदरात तोंड घालून उभी राहिली. ती नेहमी तशीच उभी राहायची. आणि आठवडा उलटायच्या आत नानांचा चुलतभाऊ सूर्यभान श्रीरामपूरकडचं स्थळ घेऊन हजर झाला. मुलाचा स्वतःचा टेम्पो, मळ्यात बंगला, माणसं तोलामोलाची. सूर्यभानला गावातल्या पोरींची लग्नं जमवायची भारी हौस. त्यापायी त्याला जागोजाग जेवायला मिळायचं आणि मान मिळायचा. जयमालाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण तिनं दात आवळून धरले, कारण तिची भिस्त म्हातारीवर होती.

रतनबाईची रीत मुलखावेगळी होती. इतर आज्या नातींच्या डोक्याला तेल लावायच्या, ही नातीची बदनामी करायची. जयमाला सातवीत असताना नानांनी शाळा बंद करून तिला गाय राखायला लावलं. चार दिवस झाले नसतील, भर दुपारी म्हातारीनं स्वतःच्या हातानं गाय सोडली आणि सरपंचाच्या घासाच्या वाफ्यात घातली. गाय कोंडवाड्यात गेली, नानांना चारचौघांत बोलणी खावी लागली. म्हातारी ऊर बडवत म्हणाली, "ही पोरगी काय कामाची न्हाई रं भिमा! एक ढोर राखता येईना हिला. घाल शाळंत, निदान दिवसभर डोळ्याम्होरून तरी जाईल!"

जयमालाला मार बसला आणि शाळाही मिळाली. पाठीवरचे वळ चोळत ती वर्गात बसली तेव्हा आजीचे आभार मानावेत की तिचा गळा दाबावा हे तिला कळेना. नववीत आईनं सगळा स्वयंपाक तिच्या गळ्यात घातला, तर म्हातारीनं रोज चोरून आमटीत मूठभर मीठ टाकलं आणि ताट ढकलून बोंब ठोकली, "हिच्या हातचं खाऊन मी मरंन!" पुन्हा नाव नातीचं खराब आणि पुन्हा नात पुस्तकापाशी. एक गोड शब्द नाही की तोंडावरून हात नाही. गावभर जयमालाची कीर्ती अशी झाली की या पोरीला काडीचं काम येत नाही. तिला त्याची लाज वाटायची, राग यायचा, पण शाळा मात्र बारावीपर्यंत सुटली नाही.

त्यामुळं पाहुणे बघायला आले त्या दिवशी जयमालाला पक्की खात्री होती की म्हातारी आता काहीतरी उलथापालथ करणार. पोह्यांत रॉकेल ओतेल, नाहीतर पोरीला फिट येते म्हणून सांगेल. ती खाली मान घालून वाट बघत बसली. रतनबाई उंबऱ्यात बसली होती, मांडीवर गोफण. मुलाच्या आईनं विचारलं, "म्हातारबाई, तुमचं काय म्हननं?"

रतनबाईनं कानाशी हात नेला, पुन्हा विचारून घेतलं आणि बोळक्या तोंडानं म्हणाली, "पोरगी लई गुनाची हाय. हाताला चव हाय. बापाच्या शबदाबाहेर न्हाई जायची."

अठरा वर्षांत पहिल्यांदा आजीनं तिचं कौतुक केलं, आणि ते असं केलं. सुपारी फुटली. तुळशीचं लग्न झालं की पुढं मार्गशीर्षात लग्न काढायचं ठरलं. सूर्यभान लाडू खाऊन मिशा पुसत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयमाला तरातरा घाटावर गेली. म्हातारी पायरीवर बसली होती. पुढं दगडावर भाकरीचा तुकडा, शेजारी पसरलेली गोफण, तिचं तांबडं शेपूट वाऱ्यानं हलत होतं. वरच्या कडुलिंबावर कावळ्यांनी गोंधळ मांडला होता.

"का बोललीस तसं?" जयमाला ओरडली. "जलमभर माझी बदनामी केलीस, आन जवा करायची तवा तोंडाला साखर लावलीस व्हय?"

"ओरडू नको. मला ऐकू येतंय," रतनबाई म्हणाली. "आज ह्यो मोडला असता तर सूर्यभान उंद्या दुसरा आनील, परवा तिसरा. म्या किती येळा मोडायचं? माझ्यात आता दम न्हाई ऱ्हायला."

"म्हनून मग कावळ्यांना दगडं मारत बसायचं! त्येला बरा दम हाय!"

"गप. त्येन्ला बघ."

कावळे फांदीवरून फांदीवर उड्या मारत होते, भाकरीकडं बघून माना वाकड्या करत होते, पण एकही खाली यायला तयार नव्हता. मग म्हातारीनं गोफण उचलली, गुंडाळली आणि लुगड्याखाली घेतली. जरा वेळ गेला. एका पायानं लंगडणारा एक कावळा पायरीवर उतरला, इकडं तिकडं बघून त्यानं तुकडा उचलला आणि पसार झाला. रतनबाई अशी खूश झाली की तिला हसता हसता ठसका लागला.

"शिकले मेले," ती म्हणाली.

जयमालाच्या डोक्यात तिडीक गेली. आपल्या जन्माची माती होतेय आणि ही कावळे शिकवतेय! तिनं तो भाकरीचा दगड लाथेनं नदीत ढकलला. "तू मेलीस तरी मी रडायची न्हाई, आजे! एक टिपूस गाळायची न्हाई!"

वाटलं होतं म्हातारी चिडेल, शिवी देईल. रतनबाईनं नुसती मान हलवली. "नकोच रडू. डोळं कोरडं ठिव. नीट दिसलं पायजे."

त्यानंतर जयमाला तिच्याशी बोलली नाही. ताट पुढं आदळायची आणि निघून जायची.

दिवाळी झाली आणि म्हातारीच्या छातीतल्या कफानं उचल खाल्ली. दवाखान्यात न्यायला आलेल्या जीपकडं तिनं ढुंकून पाहिलं नाही. शेवटच्या दिवशी दुपारी तिनं नानांना बोलावलं, सूर्यभानला बोलावलं आणि माळ्यापासूनची तिची जोडीदारीण, शेजारची बनुबाई, तिलाही उशाशी बसवलं. "भिमा, माझ्या पिंडापाशी च्या-तंबाखू कायबी मांडू नको," ती म्हणाली. "माझी गोफन तेवढी पसरून ठिव. आन ती उचलायची जयमालानं. दुसऱ्या कुनी हात लावला तर बघा!"

दाराशी उभ्या असलेल्या जयमालाला हुंदका येईल असं वाटलं होतं, आला संतापच. मरतानासुद्धा गोफण! मरतानासुद्धा हिला लग्नाचं एक अक्षर बोलता येत नाही! संध्याकाळ व्हायच्या आत रतनबाई गेली. बायका गळ्यात पडून रडल्या, जयमाला कोरड्या डोळ्यांनी भिंतीला टेकून बसली. पोरगी दगडाच्या काळजाची आहे असं बायका एकमेकींच्या कानात म्हणाल्या, आणि ते तिनं ऐकलं.

सुतकात सूर्यभान रोज येऊन बसायचा. "दादा, सुतकात बोलू नये," असं म्हणायचा आणि बोलायचा, "पर लगीन वरसाच्या आत झालं पायजे, न्हाईतर तीन वरसं थांबावं लागंल. धरलेली तारीखच धरू." नाना मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि हो म्हणायचे. आतल्या खोलीत जयमाला धान्य निवडत असायची. खडे कुठं टाकतोय याचं तिला भान नसायचं.

दहाव्याला घाटावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. भावकी, सोयरे, आजूबाजूच्या गावचे लोक. मुलाकडचे पाहुणेही आले होते, टेम्पो भरून. एका पुढाऱ्यानं माईकवरून श्रद्धांजली वाहिली आणि रतनबाईचं नाव दोनदा चुकवून तो दुसऱ्या गावच्या दहाव्याला निघून गेला. गुरुजींनी विधी उरकले, पायरीवर केळीच्या पानावर पिंड मांडले, आणि नानांनी शेजारी ती गोफण पसरली. तांबडं शेपूट पायरीवरून खाली लोंबत राहिलं. सगळे हात जोडून मागं सरले.

लिंब कावळ्यांनी काळा झाला होता. काव काव करून कान किटले. पण खाली कुणी येईना.

"आये, तुझी गाय इकनार न्हाई मी," नाना म्हणाले. कावळे जागेवर. "आये, बांधाचा वाद मिटवतो, बांध सोडून देतो." कावळे जागेवर. "आये, पंचक्रोशीला जेवू घालतो गं." काही नाही. ऊन वर आलं. पोरं रडायला लागली, पाहुणे घड्याळं बघायला लागले. आत्या हंबरडा फोडून म्हणाली, "आये, कशात अडकलीस गं!"

सूर्यभान पुढं झाला. "ही गोफन कशाला मधीच? पानावर पडलीया," म्हणून त्यानं वाकून हात घातला.

"हात काढ!" बनुबाई अशी गरजली की माणसं दचकली. "मरनाऱ्या बाईनं तुझ्याम्होरं सांगितलंय ना? मग?"

सूर्यभान ओशाळा होऊन मागं झाला. गुरुजींनी उपरण्यानं मान पुसली. "भिमाजी, किती वेळ थांबायचं? दर्भाचा कावळा करू, तो पिंडाला लावू. तशी सोय आहे." ते दर्भाच्या काड्या वळायला लागले.

तेवढ्यात तो लंगडा कावळा खाली आला. वरच्या पायरीवर टेकला, दोन उड्या मारल्या, मान वाकडी करून बघितलं. वाऱ्यानं तांबडी चिंधी हलली. कावळा भेदरून असा उडाला की त्याचं पीस गळून पडलं.

जयमालाचे डोळे कोरडे होते. तिला नीट दिसलं.

आणि मग तिला जो राग आला तसा जन्मात आला नव्हता. आषाढ, श्रावण, भादवा, सगळा पावसाळा ही म्हातारी इथं भिजत बसली होती ती आजच्या दिवसासाठी! एक स्थळ मोडून भागणार नव्हतं, बापाचं तोंडच बांधायला हवं होतं. जित्या आईनं सांगितलेलं नाना कधी ऐकत नव्हते, मेलेल्या आईला अख्ख्या गावापुढं दिलेला शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती. आणि मला सांगितलं नाही! का, तर मला तोंड आवरत नाही म्हणून. बरोबरच होतं ते, आणि म्हणूनच तिला जास्त झोंबलं. मी ताटं आदळत होते आणि ही गप खात होती.

"थांबा," ती म्हणाली. गुरुजींचा हात थांबला. "दर्भाचा कावळा न्हाई चालायचा."

"जयमाले, मागं हो!" नाना ओरडले.

"न्हाई होनार. गाय न्हाई तिला पायजे, बांध न्हाई पायजे. तिचा जीव कशात अडकलाय ते तुमाला ठावं हाय, नाना. ते सोडून समदं बोलताय तुमी!"

नानांचा हात वर गेला. आईच्या पिंडासमोर तो तसाच वर राहिला. सगळं गाव बघत होतं. आणि मग एक गोष्ट घडली जी कुणाच्या स्वप्नात नव्हती. पदरात तोंड घालून उभी असणारी जयमालाची आई पुढं आली आणि लेकीच्या शेजारी उभी राहिली. आज तोंडावर पदर नव्हता.

बनुबाई म्हणाली, "भिमा, तुझ्या आईचा जीव पोरीत हुता. गाय घासात कुनी घातली हुती ते मला इचार. बोल आता, का ताटकळत ठिवतोस तिला?"

"दादा, मी पाहुन्यान्ला शबूद दिलाय," सूर्यभान हळूच म्हणाला. "हितं बसल्यात ते."

नाना गर्रकन वळले. इतक्या वेळाचा सगळा कोंडलेला राग त्या एका माणसावर फुटला. "तुझ्या शबदापायी माझी आई अशी अधांतरी ऱ्हाईल का रं? तुझ्या शबदापायी?" ते पिंडाकडं तोंड करून उभे राहिले, हात जोडले आणि पुटपुटले, "आये, पोरीला धाडतो."

"मोठ्यानं," जयमाला म्हणाली. "तिला कमी ऐकू येत हुतं."

"आये!" नाना ओरडले, आणि त्यांचा आवाज फाटला. "जयमालाचं लगीन मोडलं! नगरला धाडतो तिला! शिकवतो! आता तरी ये गं!"

मुलाकडचे पाहुणे उठून टेम्पोकडं चालू लागले. त्यांच्याकडं कुणी बघितलंही नाही. सगळ्यांच्या माना वर लिंबाकडं होत्या. कावळे ओरडत होते आणि एकही उतरत नव्हता. नाना गुडघ्यांवर बसले. त्यांच्या उघड्या पाठीवर ऊन पडलं होतं. जयमालानं त्यांना थोडा वेळ तसंच बसू दिलं. सातवीतल्या त्या वळांची तिला आठवण झाली. आणखी थोडा वेळ बसू द्यावं असंही तिच्या मनात आलं.

मग ती पुढं गेली, पिंडापुढं वाकून नमस्कार केला आणि उठताना गोफण उचलली. नीट गुंडाळली, शेपटाचं टोक आत खोचलं आणि पदराखाली कमरेशी धरली, म्हातारी धरायची तशी. मागं येऊन आईशेजारी उभी राहिली.

पंखांचा आवाज झाला. लंगडा कावळा सरळ पानावर उतरला, पिंडात चोच मारली, आणि त्याच्या मागोमाग सगळा लिंब खाली आला.

घाटावर एकच कल्लोळ उठला. आत्या रडली, नाना लहान पोरासारखे रडले, गुरुजींनी सुटकेचा निःश्वास टाकून दर्भ नदीत टाकला. बनुबाईनं एकदा जयमालाच्या पदराकडं बघितलं, एकदा तोंडाकडं, आणि पायऱ्या चढून घराकडं गेली.

"सटवे," जयमाला दातओठ खात पुटपुटली. "एकदा तरी सांगायचं हुतंस. एकदा."

समोरचे कावळे अंधुक झाले, पिंड, पायऱ्या, नदी सगळं एकमेकांत मिसळलं. तिनं डोळे पुसले नाहीत. आता नीट दिसलं नाही तरी चालणार होतं.